ज्यादाची फेरी

आईला जाऊन महिना होत आला, तेव्हा नभोवाणीवरून ग्येनेश यांचा फोन आला. तिच्या शेवटच्या पियानोच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण त्यांना तिच्या आठवणीसाठी लावायचं होतं.

"एकच अडचण आहे," ते चाचरत म्हणाले. "सोनाट्यात एतेल्काबाई एक फेरी जास्त वाजवतात. तुम्ही म्हणत असाल तर तेवढी कापतो. कुणाला कळायचंही नाही."

त्या मैफलीनंतर आई कधी मंचावर चढली नाही. पुढे तिला माझं नाव आठवेनासं झालं, तेव्हा बुडापेस्टमधले वादक म्हणायचे, विसरणं त्याच संध्याकाळी सुरू झालं. तसं असेल, तर ते लोकांना ऐकवायचं की नाही?

मी बोरबाला मावशीला बोलावलं. ती आईची अकादमीतली मैत्रीण. त्या संध्याकाळी आईची शाल घेऊन विंगेत उभी होती. येताना तिने खसखशीचा रोल आणला आणि स्वतःच कापायला घेतला.

मी ग्येनेश यांनी पाठवलेली फीत लावली. त्या सोनाट्यात एक सुरावट दोनदा येते. पहिल्यांदा तिथून परक्या स्वरांकडे वळायचं, दुसऱ्यांदा घराकडे, म्हणजे मूळ स्वरांकडे. दुसऱ्यांदाही बोटं जुन्याच वळणाला लागली, तर सगळा मुलूख पुन्हा फिरून यावं लागतं. कागद न बघता, पाठ वाजवणाऱ्या प्रत्येकाला या जागेची धास्ती असते.

दुसऱ्यांदा सुरावट आली. आई परक्या स्वरांकडे वळली.

"ऐकलंस?" मावशी म्हणाली.

"चूक ना?"

"चूक कुणालाही ऐकू येते गं. त्यानंतरचं."

मी फीत मागे घेतली. वळणानंतर लगेच नाकाने घेतलेला एक मोठा श्वास.

"चुकली की असंच करायची. वर्गात आम्ही तिला घोडी म्हणायचो."

"म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं?"

"तिथल्या तिथे. पुढचं सगळं जाणूनबुजून वाजवलंय. ऐक, किती सावकाश जातेय. अडकलीच आहे, तर बघून घेऊ म्हणतेय."

खरंच, या फेरीत डावा हात काहीतरी नवीनच शोधत होता. एका समीक्षकाने तर लिहिलं होतं, हा सोनाटा इतका ऐसपैस कधी ऐकला नव्हता. सुरावट परत आली, आई घराकडे वळली. शेवटी टाळ्या पडल्या आणि मैफल फार आवडली की आमच्याकडे येतात तशा हळूहळू एका ठेक्यात आल्या.

"मग मंच का सोडला?"

मावशीने बोटाला लागलेली खसखस चाटली. "शाल पांघरताना म्हणाली, 'बोरी, आज कळलं तरी. पुढच्या वेळी नाही कळलं तर?'"

मी ग्येनेशना फोन लावला. "फेरी राहू द्या."

"बरं. मध्ये एक श्वासाचा आवाज आहे, तो पुसतो."

"तोही राहू द्या."

मावशी दुसरा तुकडा कापत होती. "एतेल्का असती तर सगळं कापायला लावलं असतं."

"हो."

"तरी?"

"तरी," मी म्हटलं आणि फीत पुन्हा त्या वळणावर आणली.