मापांच्या वहीची झडती

ही गेली हे मला कळलं तेव्हा माझ्या दोन्ही हातांत काच होती. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची, चार फूट बाय तीन. एवढी काच चौकटीत टेकवली की पट्ट्या ठोकेपर्यंत हात काढता येत नाही. खिशात फोन वाजत होता. थांबला, पुन्हा वाजला. मी म्हटलं, वाजू दे, हिचाच असेल, येताना काहीतरी आणायला सांगत असेल. चौथ्यांदा वाजून थांबला आणि थोड्या वेळाने जिन्यावरून माझा मेहुणा धापा टाकत वर आला.

"भावजी, ती काच खाली ठेवा."

"आत्ता कशी ठेवू? पट्टी तर ठोकू दे."

"ठेवा म्हणतो ना!"

ही कोपऱ्यावरच्या दुकानात चेन आणायला गेली होती, ड्रेसला लावायची. रस्त्यात दोन गाड्यांचे आरसे एकमेकांना घासले आणि भांडण जुंपलं. एकाने पिस्तूल काढून दोन गोळ्या झाडल्या. ज्याच्यावर झाडल्या त्याला एकही लागली नाही. दुसरी हिला लागली.

पोलिसांनी एकाला पकडलं. चेहरा नीट कोणी पाहिलेला नव्हता आणि पिस्तूल सापडलं नाही, म्हणून तिसऱ्या आठवड्यात त्याला सोडून दिलं. पिस्तूल आपल्याच चार गल्ल्यांत कुठेतरी आहे, असं पोलीस म्हणत होते. मला तेव्हापासून दुसरं काही सुचत नव्हतं. ते सापडायला पाहिजे, एवढंच.

ही शिवणकाम करायची, आमच्याच पुढच्या खोलीत. गिऱ्हाईक फक्त बायका. मापांची एक जाड वही होती, प्रत्येकीला एक पान. वर खरं नाव कधीच नाही, हिने ठेवलेलं टोपणनाव. खाली मापं, कोपऱ्यात त्या कापडाचा तुकडा टाचणीने टोचलेला, आणि मापांखाली बारीक अक्षरात जे काही लक्षात ठेवायचं ते. कोणाला ऑपरेशननंतर एका बाजूला आतून कापूस भरून हवा असे, कोणाला दिवस गेलेले असत आणि सासूला सांगायचं नसे. ही म्हणायची, "माप देताना बाई हात वर करून उभी असते. तेव्हा जे बोलते ते मी बाहेर नेलं तर मला कात्री धरायचा हक्क नाही." सव्वीस वर्षांत मी ती वही उघडली नाही. एकदा गमतीने हात घातला तर पट्टी बसली होती बोटांवर.

ही गेल्यावर बायका आपापलं अर्धवट शिवलेलं कापड न्यायला आल्या. सगळ्यात शेवटी शाळेच्या ऑफिसात कारकुनी करणारी बाई आली, औषधवाल्याची बायको. तिचा ड्रेस तर हिने आधीच पुरा करून दिला होता. ती दारातच उभी राहिली.

"काका, वहीत माझं एक पान आहे. ते मला द्या, नाहीतर जाळून टाका."

"बघतो. तुमचं नाव काय लिहिलंय हिने?"

"ते काकूंनाच ठाऊक. निळं कापड आहे, पांढऱ्या बारीक रेघांचं." मग मागे बघून हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांच्या हातात पडलं तर माझं काही खरं नाही."

मला आश्चर्य वाटलं. औषधवाला म्हणजे आमच्या गल्लीतला सगळ्यात शांत माणूस. हिच्या अंत्यविधीची सगळी धावपळ त्यानेच केली होती. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्याही तोच घरी आणून द्यायचा. पण तिचा आवाज ऐकला आणि मी पुढे काही विचारलं नाही. "जाळतो," म्हणालो.

त्या संध्याकाळी वही उघडली. पहिल्याच पानावर हिचं अक्षर. 'कंबर'मधल्या 'क'ला ही शेपूट लांब काढायची. मी वही मिटली. आधी तिचं पान शोधायचं म्हणजे सगळी पानं बघायची, आणि मग त्यातलं एक फाडायचं. माझ्याच्याने होईना. ती पुन्हा एकदा आली, तेव्हा मी म्हटलं, उद्या नक्की. तो उद्या आलाच नाही. वही मशीनशेजारच्या टेबलावर तशीच पडून राहिली.

मग पोलिसांची एक योजना आली. सक्ती नाही, वॉरंट नाही. आपण फॉर्मवर सही करायची, ते येऊन घर बघणार. पिस्तूल सापडलं तर घेऊन जाणार, घरच्यांवर खटला नाही. मुलाने, भाच्याने कुठे लपवलं असेल तर आईबापांनी भिऊ नये, म्हणून. आठवडा झाला तरी कोणी सही करेना. तेव्हा अधिकारी बाई माझ्याकडे आल्या. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी.

"तुमच्या घरापासून सुरुवात केली तर लोक दारं उघडतील. तुम्हाला नाही म्हणायला कोणाची जीभ रेटणार नाही."

मेहुणा तिथेच बसला होता. तो रंगारी आहे, लोकांच्या घरांतून हिंडतो आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. बाई गेल्यावर तो माझ्यावर उखडलाच.

"तुमच्या घरात काय आहे बघायला? काचा? त्या तर आरपार दिसतात!"

"म्हणूनच. माझ्याकडे लपवायला काही नाही."

"भावजी, लपवायला काही नाही म्हणजे दाखवायला बसलोय असं होत नाही. अंघोळ करताना तुम्ही कडी लावता की नाही?"

"तुझ्या बहिणीला मारलंय त्या पिस्तुलाने."

तो उठून चपला घालू लागला. जाताना एवढंच म्हणाला, "निदान मागची बाजू वाचून सही करा." मी पुढची बाजूसुद्धा धड वाचली नाही.

मंगळवारी सकाळी दहा वाजता ते आले. अधिकारी बाई, एक चष्मेवाला शिपाई, एक जाडा शिपाई. त्यांच्या मागून औषधवाला.

"तुम्ही कसे?" मी विचारलं.

"साक्षीदार," तो म्हणाला. "शेजारचा कोणीतरी लागतो म्हणे. म्हटलं, तुमच्यासाठी एवढं तर करूच."

बाईंनी समजावलं. पोलिसांनीच काही आणून ठेवलं असं मागाहून कोणी म्हणू नये, म्हणून प्रत्येक खोलीत गल्लीतला एक जबाबदार माणूस बरोबर असतो. नियम चांगला होता. माझ्याच भल्याचा. मला मात्र तेव्हा कुठे टेबलावरची वही आठवली.

मी जाऊन टेबलाला टेकून उभा राहिलो. ते आधी मागच्या खोलीत गेले. गादी उचलली, माळा बघितला, माझ्या काचांच्या पेट्या उघडल्या. जाडा शिपाई भुसा चाचपत होता. औषधवाला हात मागे बांधून प्रत्येक ठिकाणी उभा राहायचा आणि मान हलवायचा. मला वाटलं, आत्ताच वही सदऱ्याखाली घालावी. पण सदऱ्याखाली काही घेऊन उभा असलेला माणूस झडती घेणाऱ्यांना कसा दिसेल? हात पुढे गेला आणि परत आला. तेवढ्यात ते पुढच्या खोलीत आलेच.

मशीन उलटं केलं. बटणांचे डबे कागदावर ओतले. हिने रंगाप्रमाणे लावलेली बटणं सगळी एकात एक झाली. चष्मेवाला माझ्यासमोर आला.

"काका, जरा बाजूला व्हा."

"वही आहे ती. बायकांच्या मापांची."

"जाड आहे. मधली पानं कोरून आत ठेवतात हो."

"मग झटकून बघा. वाचू नका."

त्याने झटकली. दोन टाचण्या पडल्या, आणखी काही नाही. मी हात पुढे केला. पण तो उघडून बघायला लागला होता. "'ढोली. शिवणीत दोन बोटं जास्त सोडणे, वाढतच चालली आहे,'" त्याने वाचलं आणि त्याला हसू आवरेना.

"वाचायला आलोय का आपण?" बाई मशीनजवळून ओरडल्या.

"नाही मॅडम, बघतोय फक्त." त्याने आणखी पाचसहा पानं उलटली आणि थांबला. हसायचाही थांबला. खिशातून फोन काढून त्याने पानाचा फोटो घेतला. "मॅडम, हे बघा. 'चिमणी. बाही मनगटापर्यंत, दंडावरचे वळ दिसू नयेत. डाव्या कुशीला आतून खिसा, पासपोर्ट मावेल एवढा, बाहेरून कळू नये. निरोप घरी द्यायचा नाही, शाळेच्या फोनवर.' पासपोर्ट लपवायचा खिसा? काका, कोण ही?"

"बाहेरगावची होती कोणीतरी," मी म्हटलं.

औषधवाला दोन पावलं पुढे आला. पानाच्या कोपऱ्यात निळा तुकडा होता, पांढऱ्या बारीक रेघांचा. त्याने तो दोन बोटांत धरला. दुकानात कापड घेताना आपण पोत बघतो ना, तसा. जरा वेळ धरून ठेवला.

"बास," मी म्हणालो. "बास करा. मला नाही करायची झडती. माझी सही परत द्या."

बाई जवळ आल्या. मला वाटलं, रागावतील. "तुमचा हक्क आहे तो," त्या म्हणाल्या. "संमती केव्हाही मागे घेता येते. फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलंय." आणि शिपायांना म्हणाल्या, "थांबवा."

दहा मिनिटांपूर्वी हे एक वाक्य म्हटलं असतं तरी चाललं असतं.

साक्षीदाराची सही घ्यायची होती. औषधवाल्याने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, सावकाश सही केली. अक्षर जरासुद्धा हललं नाही. "दुकान उघडं टाकून आलोय," म्हणाला आणि निघाला. मी खिडकीतून बघत होतो. त्याचं दुकान डावीकडे आहे. तो उजवीकडे वळला, घराच्या बाजूला.

मी शिपायाच्या हातातून वही हिसकावली. पानावर शाळेचा नंबर होता. पहिल्यांदा बोटं चुकली. दुसऱ्यांदा लागला.

"शाळेचं ऑफिस," तिचाच आवाज.

"मी काचवाले काका. ते पान... तुमच्या ह्यांनी पाहिलं."

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"आत्ताच. घराकडे गेलेत. तुम्ही घरी जाऊ नका."

"ड्रेस कपाटात आहे," ती म्हणाली. "पासपोर्ट त्यातच आहे. सुट्टी लागली की निघणार होते, काका. नऊ दिवस राहिले होते."

"मी येतो तिथे."

"तुम्ही जाळतो म्हणाला होतात ना?"

तिने फोन ठेवला.

मी अधिकारी बाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्याच्या घरी चला, कपाट बघा. त्यांचा चेहरा बदलला. वहीतलं पान त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, या वेळी सावकाश. "पण काका, आत कशी शिरू? माझ्याकडे वॉरंट नाही. ही झडती खुशीची आहे. तो हो म्हणाला तरच."

तरी त्या गेल्या. मीही मागोमाग गेलो. औषधवाल्याने दार उघडलं, हसून नमस्कार केला. बाईंनी फॉर्म पुढे केला. त्याने चष्मा लावला, आधी मागची बाजू वाचली, मग पुढची, आणि कागद दुमडून परत दिला.

"आमच्याकडे नको, मॅडम. घर आहे हे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गोळ्या वेळेवर घ्या, काचवाले."

दार लागलं. आतून कडीचा आवाज आला.

त्या दिवसापासून ती मुख्याध्यापिकेच्या घरी राहते. बाईंनी तिची तक्रार स्वतः लिहून घेतली. चष्मेवाल्याने माझ्यासमोर फोनमधला फोटो खोडला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याची तरी काय चूक, असं म्हणवत नाही आणि सगळी त्याचीच, असंही म्हणवत नाही. मी ब्लेडने तिचं पान कापून नेऊन दिलं. मला वाटलं, ती फाडून टाकेल. तिने वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. "आता राहू दे," म्हणाली, "आता हेच दाखवावं लागणार. काकूंनी तारीख घातलीय." माझ्याशी ती बोलते, पण काका म्हणत नाही.

बाकीची पानं मी एकेक कापून ज्यांची त्यांना नेऊन देतो आहे. टोपणनावावरून बाई ओळखणं सोपं नाही, मेहुणा कापडाच्या तुकड्यांवरून मदत करतो. ढोली कोण ते कळलं, पण तिच्या दारात जायचं धाडस दोघांनाही होत नाही. माझ्यानंतर गल्लीतल्या सात घरांनी सह्या केल्या, माझ्याकडे बघूनच. त्या प्रत्येक घरी जाऊन मी मागची बाजू वाचून दाखवली. चौघांनी सही मागे घेतली, तिघांनी घर बघू दिलं. काही सापडलं नाही.

नवा पासपोर्ट हवा असेल तर जुना हरवला असं लिहून द्यावं लागतं. ती तसं लिहून द्यायला तयार नाही. म्हणते, हरवलेला नाही, तो कुठे आहे ते मला माहीत आहे. कोर्टाकडून वॉरंट मिळवायचा बाईंचा अर्ज गेला आहे, त्याला महिना झाला. मी दर सोमवारी चौकीत जाऊन विचारतो.

पिस्तूल सापडलेलं नाही. तिचा पासपोर्ट अजून त्या घरात आहे.