बिनमालकाचा अड्डा

“चाचा, खरं सांगा, तुम्ही या सोबत्यांना काय शिकवलंत?”

चिन्मयीने हे विचारलं तेव्हा सिराजोद्दीन जाफराबादच्या जीप अड्ड्यावर नुकतेच येऊन टेकले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं होतं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती, आणि फोनकडे बघायचं नाही अशी मुलीने, अर्शियाने, घरून निघताना ताकीद दिली होती.

“मी काय शिकवनार, बेटा? मलाच कोनी काही शिकवलं न्हाई,” ते म्हणाले.

चिन्मयी हसली, पण तिच्या चेहऱ्यावरचं कोडं काही सुटलं नाही. शाळेतल्या केशव सरांची ही मुलगी संभाजीनगरला कॉम्प्युटर शिकली होती आणि अड्ड्यावरचा नवा कारभार तिनेच बसवून दिला होता. पूर्वी अड्ड्याला मालक होता. तो आपल्या माणसांच्या जीपा पुढे काढायचा, आणि त्याचा हुकूम सिराजोद्दीन निंबाखाली उभं राहून खड्या आवाजात सगळ्यांना ऐकवायचे. नंबर मोडला म्हणून कॉलर धरण्यापर्यंत गोष्टी जायच्या. शेवटी मालक अड्डा सोडून गेला आणि चालकांनी, रोजच्या प्रवाशांनी मिळून ठरवलं, आता नवा मालक नकोच.

मग प्रत्येकाच्या फोनमध्ये एक सोबती आला. सोबती म्हणजे एआय. तो आपल्या माणसाची अडचण जाणायचा, इतर सोबत्यांशी बोलायचा, आणि सगळे मिळून सुचवायचे की आता अमक्याची जीप निघावी. ज्याला पटत नसेल त्याने बोलावं, कोणी बोललं नाही तर जीप निघावी. लहान-मोठा कोणी नाही. चालक-प्रवासी मंडळींचं ठरल्याशिवाय एकही जीप हलवायची नाही, एवढी एक शपथ मात्र सगळ्यांनी घेतली होती.

या व्यवस्थेत सिराजोद्दीनना काही काम उरलं नव्हतं. पण इतक्या वर्षांच्या माणसाला घरी बस कसं म्हणायचं, म्हणून चालकांनी त्यांनाही मंडळींत घेतलं. ते रोज येत, बाकावर बसत, आणि सोबत्यांनी काही सुचवलं की फोनमध्ये म्हणत, “बराबर.” त्यांना कोणी विचारलेलं नसे. घरातलं म्हातारं माणूस बाहेर जाणाऱ्याला ‘जपून जा’ म्हणतं ना, तसंच ते होतं.

आणि ऑपरेशनच्या दिवशी त्यांचा फोन अर्शियाच्या पर्समध्ये बंद पडून होता.

“त्या दिवशी मुजाहिदभाईंची जीप भरली आणि बराच वेळ निघालीच नाही,” चिन्मयी म्हणाली. “मागच्या जीपाही तशाच. कोणाची तक्रार नाही, कोणाचा नकार नाही, तरी सगळे थांबलेले.”

“मंग काहून थांबले?”

“तेच तर. आता यालाच विचारू.” तिने आपला फोन बाकावर ठेवला आणि तोच प्रश्न त्याला केला.

“सिराजचाचा ‘बराबर’ म्हणाल्याशिवाय विषय संपत नाही, असं आम्हाला दिसलं होतं,” सोबती म्हणाला.

“असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. पण ते म्हणेपर्यंत कोणी चालक गाडी सुरू करत नव्हता. चहा पिताना त्यांना उशीर झाला, तर सगळे तेवढे थांबायचे. म्हणून आम्हीही थांबायला लागलो.”

आपल्या जीपच्या बोनेटला टेकलेला मुजाहिद ओशाळला. “आता चाचाच्या आधी गाडी कशी काढायची? बरं दिसते का ते?”

सिराजोद्दीनना जे वाटलं ते वाटायला नको होतं, पण वाटलं खरं. छाती फुगली. ज्या अड्ड्याने आपल्याला बाकावर बसवलं, तो आपल्या एका शब्दावाचून हलत नाही! यंत्रंसुद्धा आपली वाट बघतात! त्यांनी पट्टी सावरायच्या निमित्ताने तोंडावरचं हसू लपवलं.

“हसू नका, सिराजभाऊ,” त्याच जीपच्या मधल्या सीटवरून आवाज आला.

त्या प्रेमलाबाई होत्या. डायलिसिससाठी त्यांना ठरल्या दिवशी जालन्याला जावं लागे, आणि त्या बंद पडलेल्या सकाळी त्या याच जीपमध्ये बसून होत्या. मंडळींत त्यांचाही फोन होता, पण त्या त्यात कधी बोलत नसत. बायामाणसांनी चारचौघांत कशाला बोलायचं, ही त्यांची जुनी समजूत.

“जालन्याला पोचले तं माझी मशीन दुसऱ्याला देऊन टाकली होती,” त्या म्हणाल्या. “परत आले. रातभर श्वास पुरत नव्हता. ह्ये बघा, पाय अजून सुजेल हायेत.”

सिराजोद्दीननी एका डोळ्याने पाहिलं. पायावर चपलेचा पट्टा रुतला होता. मघाची फुगलेली छाती कुठल्या कुठे गेली.

“माफ करा, बाई.”

“तुमाला न्हाई बोलून राह्यले मी. मला एकच समजून घ्यायचंय. इथं मालक कोनी न्हाई म्हणता, मंग समदे वाट कोनाची बघून राह्यले होते?”

तातेराव नावाच्या वयस्क चालकाने तोड काढली. “सोपंय की. चाचालाच मोठं करू. त्यांचा फोन चालू ऱ्हायला म्हंजे झालं.”

“बिलकुल,” मुजाहिद म्हणाला. आणखी दोघांनी माना डोलावल्या. मग सगळे सिराजोद्दीनकडे बघत राहिले. त्यांनी होकार द्यायचा, की झालंच.

हो म्हणायचा मोह त्यांना झाला, अगदी मनापासून झाला. निंबाखालची जागा परत मिळत होती, आणि तीही मानाने. पण आज डोळा होता. उद्या ताप असेल, परवा आपणच नसू. मग प्रेमलाबाई कोणाच्या तोंडाकडे बघत बसतील?

“नको,” ते म्हणाले. “चिन्मयी बेटा, या सोबत्यांना सांगून टाक. म्हणावं, चाचाची वाट बघू नका. चाचाचा हुकूम हाये.”

चिन्मयीला हसू आवरेना. “हुकूमच झाला की तो, चाचा. तुम्ही सांगितलं म्हणून ते थांबायचं सोडतील. म्हणजे पुन्हा मोठे तुम्हीच.”

“मंग मी करू तरी काय?”

“काहीच नाही. बघायचं काय होतंय ते.”

काहीच न करणं हे किती अवघड काम आहे, हे सिराजोद्दीनना लगेच कळलं. सगळ्यांच्या फोनमधून एकदम सूचना आली: मुजाहिदची जीप, जालना, भरली आहे, निघावं का? मुजाहिदने सवयीने बाकाकडे पाहिलं. तातेरावांनी पाहिलं. सिराजोद्दीननी दात घट्ट आवळले आणि निंबाच्या शेंड्याकडे नजर लावली. जिभेच्या टोकावर आलेला शब्द त्यांनी आवंढ्याबरोबर गिळला. कोणाचाही नकार नव्हता, तरी सवयीने सगळे थांबलेच. त्या शांततेत आता आपल्या तोंडून निघतंय की काय, असं त्यांना वाटायला लागलं.

“निघा,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

आवाज फार मोठा नव्हता. त्यांनी पदर सारखा केला, फोन तोंडाजवळ धरला आणि पुन्हा म्हणाल्या, “निघा म्हंते मी. मला उशीर होऊन राह्यला.”

मग मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, “हौ, चला.” तातेराव खाकरून म्हणाले, “जाऊ द्या.” आणि सोबती म्हणाले, “ठरलं.”

मुजाहिद चढला. चावी फिरवताना त्याची मान बाकाकडे वळायला लागली होती, ती त्याने मध्येच थांबवली आणि समोरच्या रस्त्याकडे बघत गिअर टाकला. जीप वळणावर गेली, धुळीत दिसेनाशी झाली.

तातेराव आपली गाडी पुढे लावायला गेले. चिन्मयी तिच्या फोनमध्ये गुंतली. पुढची सूचना आली, तिच्यावर दोघं-तिघं बोलले, आणि बाकाकडे कोणी पाहिलं नाही.

सिराजोद्दीननी खिशातला फोन काढला, मांडीवर ठेवला आणि तो तळहाताने झाकला. मग रिकाम्या वळणाकडे बघत, फोनला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले, “बराबर.”