काढून ठेवलेली सात पुस्तकं

देवाच्या वचनापुढे पोपचाही अधिकार चालत नाही, असं प्रोटेस्टंट बाइंडर छातीठोकपणे सांगत असे. मात्र होणाऱ्या कॅथलिक व्याह्यांचं जुनं बायबल बांधायला आलं, तेव्हा त्यातली सात पुस्तकं, म्हणजे बायबलचे सात भाग, त्याने स्वतःच्याच अधिकारात काढून ठेवली. प्रोटेस्टंटांच्या बायबलात ती नसतातच.

न्यायला आलेल्या व्याह्यांनी बायबल हातात तोललं. "जेवायला घातलं नाही वाटतं याला?"

"जास्तीचं होतं, तेवढं काढलं."

"कुणाला विचारून?"

"पवित्र शास्त्राला. आम्ही दुसऱ्या कुणाला विचारत नाही."

"मग खरी पुस्तकं कोणती, याची यादी शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. आमच्याकडे चर्चने ठरवलं. तुमच्याकडे कुणी? सुरीने?"

बाइंडर पानं उलटू लागला. यादी काही सापडेना. दाराशी उभ्या लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आज पानं कापली, उद्या माझ्या सुनेची चर्चची वाट कापाल," म्हणत व्याही उठले. "लग्न मोडलं समजा."

बाइंडर पेचात पडला. हार मानावी तर तोंड दाखवायला जागा नाही, न मानावी तर लेकीचं लग्न गेलं. त्याने खणातून सातही पुस्तकं काढली, पुठ्ठा सोडवला, शिवण उसवली आणि ती जागच्या जागी शिवायला घेतली. व्याही दारातच थबकून पाहत राहिले. शेवटी बायबलाच्या पाठीला चिकट सरस लावून बाइंडरने ते त्यांच्यापुढे सरकवलं.

"मला मान्य नाहीत ही," तो पुटपुटला. "पण व्याही, सरस वाळेपर्यंत जरा दोन्ही हातांनी दाबून धरता का?"