तपकिरी पिंप

"ह्येच! ह्येच कालवतोय त्यो रतन आपल्या पाण्यात!" कैलासने पिंपाचं झाकण भिरकावलं आणि आतलं कोऱ्या चहासारखं पाणी जमलेल्या दहा-बारा जणांना दाखवलं.

आमच्या तिकोणा पेठेच्या पाणी योजनेवर रतन ओव्हाळ दोन वर्षं ऑपरेटर होता. धरणाच्या पाण्यात कुजलेल्या पाल्याचा अर्क उतरतो. यंत्रातला बारीक छिद्रांचा पडदा तो अडवतो. स्वच्छ पाणी गावाला आणि अडवलेला अर्क पिंपात. पुण्याच्या एका कॉलेजला तपासायला हवा म्हणून रतनने तो साठवला होता.

"कैलासभाऊ, ह्ये पाण्यातनं काढलेलं हाय. घातलेलं न्हाई."

"माझी पोरगी सलायनवर हाय, आन् तू मला शिकवतो? तुमच्या हातात पाणी दिलं, हितंच चुकलं."

'तुमच्या' म्हणजे कोणाच्या, हे सगळ्यांना कळलं. लोणावळ्याच्या लग्नात ज्यांनी पनीर खाल्लं तेवढेच आजारी पडलेत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

पहिली लाथ पोटात बसली. रतनला पाडून त्यांनी त्याचं तोंड पिंपात बुडवलं. वर काढलं, पुन्हा बुडवलं. मग कैलास कोयता घेऊन पडद्याच्या नळकांड्याकडे वळला. पडदा फाटला तर नवा यायला तीन महिने, तोवर अख्ख्या गावाने धरणाचं न गाळलेलं पाणी प्यायचं. रतन ओकत, रांगत गेला आणि नळकांड्याला मिठी मारून बसला.

"सोड!"

त्याने सोडलं नाही. कोयत्याची उलटी बाजू त्याच्या उजव्या हातावर तीनदा पडली. हाड मोडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे शूर मंडळी पांगली.

पोलीस ठाण्यात रतनने एकेकाचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. त्यात माझं नव्हतं. मी मारलं कुठे होतं? नुसता उभा तर होतो. याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो हात प्लास्टरमध्ये घालून यंत्रावर हजर झाला. पाण्याच्या रांगेत सगळ्यांत पुढे कैलासची आई, झुंबरबाई.

"रतन, लेकरा, कैलास आत हाय रं. तेवढी तक्रार मागं घे."

"न्हाई घेनार, मावशी."

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला आणि रिकामी घागर उचलून त्या माघारी वळल्या.

"मावशी, घागर लावा," रतन म्हणाला. "पानी कुटं बंद केलंय?"

त्या थांबल्या. मग घागर नळाखाली ठेवली, आणि रतनने डाव्या हाताने कॉक फिरवला.