साहेबांच्या खोक्यातला भुसा

अक्काच्या सशाचं नाव साहेब. जेवण वेळेवर लागायचं, हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करायचं आणि कुणी उचललं की तोंड फिरवायचं, मग दुसरं काय नाव ठेवणार! पण एका बाबतीत गुणी होता. घरभर घाण न करता कोपऱ्यातल्या पसरट खोक्यात जाऊन यायचा. त्या खोक्यात अक्का कागदाच्या लगद्याच्या वाळवलेल्या गोळ्या अंथरायची, आणि त्या गोळ्या पाहिल्या की तिच्या धाकट्या भावाला मिरच्या झोंबायच्या.

कारण भाऊ सुतार होता. घरामागेच त्याची कार्यशाळा होती. तिथे तो लोकरी कपडे ठेवायच्या देवदारी पेट्या करायचा आणि भुशाची पोती भिंतीला टेकून पडलेली असायची.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," तो म्हणायचा. "घरात सुतार असताना तू दुकानातून कागद आणतेस!"

"वासाचं लाकूड सशाला बाधतं, बाळ्या. छातीला त्रास होतो, यकृत बिघडतं." साठीला टेकलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारं आता जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अक्का धाकट्या बहिणीकडे गेली, तेव्हा साहेब भावाच्या हवाली झाला. "वास येणारं काही त्याच्याखाली घालू नकोस," एवढं तिने जाताना दोनदा सांगितलं. मुक्काम लांबला आणि गोळ्यांची पिशवी संपली.

दुकानात गोळ्या नव्हत्या. दुकानदाराने मांजरांची वाळू पुढे केली. "ओली झाली की गोळा होतो, उचलून टाकायचा. काही कटकट नाही."

"ससा पाय चाटतो. ती पोटात जाऊन तिथेच गोळा झाली तर आतडी तुंबतील," भाऊ म्हणाला. वाक्य अक्काचं होतं, पण त्याने ते स्वतःचं असल्याच्या थाटात फेकलं.

"मग माल येईपर्यंत नुसतं वाळलेलं गवत अंथरा."

गवत घरात होतं. भाराभर होतं! तेवढं अंथरलं असतं तरी निभावलं असतं. पण भाऊ घरी आला तो आपल्या शहाणपणावर खूश होऊन, आणि माणूस असा खूश असला की त्याला साध्या गोष्टी सुचत नाहीत.

त्याने रंध्याखालचा मऊ, कुरळा भुसा निवडला आणि दोन दिवस उन्हात पसरला. मग मूठभर नाकाशी धरून हुंगला. काही नाही. दुसरी मूठ घेतली. तिलाही वास नव्हता. अक्काची अट पाळली गेली होती. त्याने फसवलं नाही, हेच तर वाईट. त्याला फक्त ती परतल्यावर म्हणायचं होतं, की बघ, तुझे साहेब माझ्या लाकडावर कसे ऐटीत बसलेत!

साहेब शिंकायला लागला. धुळीने असेल म्हणून भावाने भुसा चाळणीने चाळून पुन्हा घातला. मग सशाचे डोळे पाणावले. मग एका सकाळी त्याने कोवळ्या पाल्यावरूनही तोंड फिरवलं, तेव्हा मात्र भावाने त्याला उचललं. टोपलीत मऊ लागावं म्हणून तोच भुसा घालून तो जनावरांच्या दवाखान्यात धावला.

डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं आणि मान मागे घेतली. "काका, देवदार घातलात? केवढा उग्र वास येतोय!"

"वास गेलाय त्याचा. मी स्वतः हुंगून पाहिलं."

बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. "किती वर्षं काम करताय या लाकडात?"

तो बोटांवर वर्षं मोजायला लागला. गिऱ्हाईकं उंबऱ्यात पाय ठेवताच डोळे मिटून श्वास घ्यायची, तेव्हा तो त्याला कौतुक समजायचा. आपल्याला तो वास शेवटचा कधी आला होता, हे काही केल्या आठवेना. आणि या वासापुढे किडा टिकत नाही, हे तर तो प्रत्येक पेटीबरोबर अभिमानाने सांगत आला होता. मग एवढ्याशा जिवाचं काय होईल, हे त्याच्या मनात कसं आलं नाही?

"वय झालंय याचं, छाती आधीच नाजूक. त्यात पोटाचं काम थांबलंय," बाई म्हणाल्या. त्यांनी जमेल ते सगळं केलं. रागावल्या असत्या तर भावाला बरं वाटलं असतं. दुपारी साहेब गेला.

अक्काला फोनवर कळवायचा धीर त्याला झाला नाही. ऑपरेशन ताजं आहे, ही सबब सापडली. ती काळा चष्मा लावून आली आणि दारातूनच तिने हाक मारली, "साहेब!"

मग त्याने सगळं सांगितलं. ऊन, मूठ, नाक, काही लपवलं नाही.

"मला फोन करून विचारायचंस रे."

"तुला दाखवायचं होतं."

"काय?"

"मलाही काही कळतं म्हणून."

अक्का चाचपडत पुढे आली. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"मला रडायची मनाई केलीय डॉक्टरांनी," ती म्हणाली. "तू रड, बाळ्या. माझ्याही वाटचं रड."