वर्गात दाखवायची फणी

मी एक जुनी फणी आहे. शिंगाची, रुंद दात्यांची. मित्रांनो, सरळ बसा. पोक काढून ऐकण्यासारखी ही हकिकत नाही, आणि मध्येच उठून गेलेले मला खपत नाही.

माझा जन्म एका धुरकट कारखान्यात झाला. शिंग उकळत्या पाण्यात मऊ करून, फळ्यांमध्ये दाबून सपाट केले गेले. मग एका वृद्ध कारागिराने बारीक करवतीने माझा एकेक दाता कापला आणि प्रत्येकाचे टोक घासून गोल केले. "टोचली तर ती फणी कसली, काटाच तो," असे तो पुटपुटत असे. साच्यातून भराभर ओतलेल्या हल्लीच्या फण्यांना हे वळण कोणी लावत नाही. त्यांच्या वागण्यावरून ते दिसतेच.

मला विकत घेतले ते केशरचना करणाऱ्या एका बाईंनी. त्या दूर देशाहून येऊन इथे स्थायिक झाल्या होत्या. त्यांची भाषा स्पॅनिश, आणि गाव सारे इंग्रजी बोलणारे. घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची, एक आरसा आणि स्टुलावर बसलेली त्यांची लहान लेक, एवढाच त्यांचा पसारा. बाईंना इंग्रजी येत नसे, गिऱ्हाइकांना स्पॅनिश येत नसे. मधला सगळा भार त्या स्टुलावर. फणी म्हणजे स्पॅनिशमध्ये पेइने आणि इंग्रजीत कोम, फीत म्हणजे सिंता आणि रिबन, केसांचा आकडा म्हणजे ओर्कीया आणि हेअरपिन, हे सारे त्या पोरीला अक्षरओळख होण्याआधीच येत होते.

पोर मोठी बेरकी. एकदा बेकरीवाल्याची बायको तणतणत आली आणि इंग्रजीत म्हणाली, "सांग तुझ्या आईला, मागच्या खेपेला तिनं माझ्या डोक्यावर खुराडं बांधलं होतं. फक्त कोंबडी बसायची राहिली!"

पोरीने आईला स्पॅनिशमध्ये सांगितले, "आई, मागचा अंबाडा त्यांना जरा उंच वाटला."

"उंच?" बाई मला केसांत रोवत म्हणाल्या. "तिला म्हणावं, मूळची मान आखूड असली की सगळंच उंच वाटतं."

पोरीने इंग्रजीत सांगितले, "आई म्हणते, तुमची मान सुरेख आहे. आज अंबाडा मानेवर घेऊ."

बेकरीवाली फुलून गेली, आणि जाताना पावांची अख्खी पिशवी ठेवून गेली. बाईंना नवल वाटले. "पाहिलंस? खरं बोललेलं माणसांना आवडतं."

तेव्हा मीही हसले होते. पोर घर सांभाळते आहे, असे मला वाटले.

बाईंच्या तोंडी एक शब्द नेहमी असे, आर्रेग्लार्से. नीटनेटके होऊन, अंगावर चांगले नेसून, केस बांधून मगच चारचौघांत जायचे. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभे असले तरी स्वतःचे कमरेपर्यंतचे केस विंचरून, गाठ घालून झाल्याशिवाय त्यांनी कधी कडी काढली नाही. रोज तेलाचा पहिला हात मला, दुसरा केसांना. शिंगाला तेल मिळाले नाही तर ते तडकते, हे त्या जाणत होत्या.

लेक शिकली. त्याच दोन भाषांच्या जोरावर शाळेत स्पॅनिशची शिक्षिका झाली. इकडे बाईंचा उजवा हात लुळा पडला आणि दुकान बंद झाले. एके दिवशी लेकीने मला उचलून पिशवीत टाकले. "आई, ही वर्गात दाखवायला नेते. मुलांना खरी वस्तू दिसली की शब्द पक्के होतात."

तेव्हापासून मी वर्गात असते. संध्याकाळी पिशवीतून घरी, सकाळी पुन्हा शाळेत. लेक मला उंच धरते, मुले ओरडतात, "पेइने! कोम!" फळ्यावर एका बाजूला स्पॅनिश, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आर्रेग्लार्सेसमोर लिहिलेले असते, गेट रेडी. आगगाडी गाठायलाही माणूस गेट रेडी होतो. पण मला कोण विचारतो? मुख्याध्यापक मात्र कौतुक करून गेले. शाळेत माझी जागा काचेच्या पेटीत, खाली नावाची चिठ्ठी. केस नाहीत, तेल नाही. मधोमध मला चीर गेली.

घरी रोज एकच संवाद होई.

"माझी फणी दे गं. विंचरून दे केस."

"रविवारी, आई. तपासायच्या वह्यांचा ढीग पडलाय."

रविवारी पाहुणे असत, नाहीतर बाजार. डाव्या हाताने बाईंना केस विंचरता येत नसत. दिवसा सोबतीला असलेली मदतनीस इंग्रजीच बोलणारी आणि कामाच्या गर्दीतली. ती वरवर ब्रश फिरवी. आतला गुंता घट्ट होत गेला.

मग बाईंच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. कित्येक वर्षांनी ती समुद्रापलीकडून एका दुपारपुरती भेटायला येणार होती. त्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "आज तरी विंचर. तिच्यासमोर मी अशी बसणार नाही."

"आज तपासणीचा पाठ आहे, आई. फणी वर्गात लागते. तू छानच दिसतेस."

पाठ संपतो न संपतो तोच टेबलावरचा फोन वाजला. मी शेजारीच होते. मदतनीस म्हणत होती, "मॅडम, गुंता सुटतच नाही. ओढलं की त्यांना दुखतं. कापू का? पाहुण्या येतीलच. पण त्या काय म्हणतायत ते मला कळत नाही." तिने फोन बाईंच्या तोंडाशी नेला.

बाई स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "तिला सांग, माझ्या केसांना कात्री लावू नको. बहिणीला म्हणावं थांब. तू ये आणि विंचर. मी वाट बघते."

दारात तपासनीस उभे होते. त्यांना काहीतरी विचारायचे होते.

"काय म्हणाल्या?" मदतनिसीने विचारले.

लेक इंग्रजीत म्हणाली, "हो म्हणाली. कापा."

मित्रांनो, मला दाते आहेत, जीभ नाही.

संध्याकाळी आम्ही घरी पोहोचलो तेव्हा मावशी निघून गेली होती. बाईंनी आपल्या खोलीची कडी आतून लावून घेतली होती. बहीण दाराला कान लावून बसली, रडली, रागावली, "म्हातारे, उघड की!" म्हणाली, शेवटी तिची परतीची वेळ झाली. मदतनिसीने हे सारे सांगितले आणि आपली पर्स उचलून ती गेली.

लेकीने हाक मारली तेव्हा कडी निघाली. बाई पाठ करून खाटेवर बसल्या होत्या. डोक्यावर बोटभरही केस नव्हते. लेक मागे बसली. तिने मला तेल लावले, आणि त्या डोक्याजवळ नेले. माझे दाते टाळूला लागले, मध्ये काहीच आले नाही.

"ठेव ती," बाई मागे न वळता म्हणाल्या. "उद्या मुलांना दाखवायची असेल."

त्यानंतर त्यांनी मला कधी मागितले नाही. त्यांचे केस कानापर्यंत वाढायच्या आत त्या गेल्या. त्यांना शेवटचे नेसवले ते लेकीनेच, फार नीट, फार सुंदर. मावशीला फोटो पाठवण्याइतके.

मी अजून काचेच्या पेटीत आहे. दरवर्षी नवी मुले येतात आणि माझे नाव दोन भाषांत पाठ करतात. करा, जरूर करा. उच्चार स्वच्छ करा. आणि घरी गेल्यावर ज्यांचा हात आता डोक्यापर्यंत पोहोचत नाही, त्यांच्या मागे जाऊन बसा. टोकापासून सुरुवात करा, वर वर जा, ओढू नका. रविवारची वाट पाहू नका. आता जा. पेटीची काच बंद करा.