नोटेतली चिप आणि महिपतीचा नारळ

दोन हजारांच्या नोटेत चिप असते, ती उपग्रहाला दिसते आणि नोट जमिनीत कितीही खोल गाडली तरी तिचा पत्ता लागतो, हे आप्पासाहेबांना मोबाइलवर कुणीतरी पाठवलं ते नोट निघाली त्याच आठवड्यात. त्यांनी ते असं मनावर घेतलं की नोट जायची वेळ आली तरी सोडलं नाही. धायरीतली जमीन बिल्डरला दिली तेव्हा कागदावर न आलेल्या पैशातली दोन बंडलं त्यांनी देवघराखालच्या कप्प्यात ठेवली, पण कप्प्याला कुलूप काही लावलं नाही. "चोरून जानार कुठं? चिप हाय त्यात," असं घरात सगळ्यांना ऐकवत. एवढा विश्वास त्यांनी कधी माणसांवरही ठेवला नव्हता.

तेवीस सालच्या मे महिन्यात रिझर्व्ह बँक या नोटा मागे घेणार असं जाहीर झालं. बँकेत जायला म्हणून आप्पासाहेबांनी कप्पा उघडला, तर आत उदबत्तीचे पुडे आणि वाती. बंडलं गायब.

कागदावर नसलेल्या पैशाची तक्रार पोलिसांत कोण देणार? मग आप्पासाहेबांनी महिपतीला बोलावलं. महिपती म्हणजे आसपासच्या विहिरी आणि बोअर दाखवणारा जुना पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतात फिरायचा. नारळ उभा राहील तिथे पाणी. आता शेतं गेली, टॉवर आले, बिचाऱ्याला पाणी शोधायला कुणी बोलवेना. "नारळाला चिपबी वडते, पानीबी वडतं," असं आप्पासाहेबांनी स्वतःच ठरवलं, आणि महिपतीने नाही म्हटलं नाही.

रविवारी सकाळी तो नारळ घेऊन घरभर फिरला. मागे आप्पासाहेब, त्यांच्यामागे त्यांची बायको बायडाबाई, मग मुलगा विक्रम आणि सगळ्यांत शेवटी सून तनुजा. तिला हसू आवरत नव्हतं. खराडीच्या ऑफिसात उद्या हे सांगितलं तर कुणाला खरंही वाटणार नाही. विक्रमही मनात हसत असेल, असं तिला वाटत होतं. तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यानेच एक नोट ट्यूबलाइटसमोर धरून तिला दाखवली होती. "ही चकाकणारी पट्टी, तिरकी केली की रंग बदलते. बास, एवढंच. चिप चालवायला बॅटरी कुठे आहे यात?" दोघं पोट धरून हसले होते.

वरच्या मजल्यावर, त्या दोघांच्या खोलीत, कपाटासमोर नारळ उभा राहिला.

"उघड, सूनबाई," आप्पासाहेब म्हणाले.

तिने उघडलं. साड्यांखाली पाकीट होतं, आणि पाकिटात आईने ओटीत घातलेल्या दोन हजारांच्या तीन नोटा. आप्पासाहेबांनी त्या हातात घेतल्या. तनुजाच्या तोंडचं पाणी पळालं.

"आप्पा, या माझ्या आईने दिल्यात. आणि चिप वगैरे काही नसतं हो." ती विक्रमकडे वळली. "अहो, सांगा ना यांना."

विक्रम खिडकीबाहेर बघत होता. घसा खाकरून म्हणाला, "असेलही. टेक्नॉलॉजीचं आपण कसं सांगणार?"

तनुजाला आधी राग आला. मग ते वाक्य तिला नीट ऐकू आलं. एवढ्या शिकलेल्या माणसाचा आज अचानक चिपवर विश्वास बसावा, याला एकच कारण असू शकत होतं.

बाकीचे खाली गेल्यावर तिने दार लावलं. "कधी काढलेस?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "जानेवारीत. शेअर्समध्ये गेले. फायदा झाला की परत ठेवणार होतो."

"आणि आत्ता गप्प का बसलास?"

"मला आप्पा घराबाहेर काढतील, तनू. तुला फार तर दोन दिवस बोलतील. तुझा पगार आहे, हळूहळू भरून टाकू. विषय संपेल."

हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की तिला रडूही आलं नाही. चार लाखांसाठी नवऱ्याने आपल्याला विकलं, आणि वर ते भरायचेही आपणच.

ती खाली आली. महिपती गेला होता. आप्पासाहेबांनी तिला समोर बसवलं, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता.

"झालं गेलं, पोरी. अडचन असंल तुझी. उरल्यात तेवढ्या ठेव आनून. बाहेर बोलनार न्हाय मी."

त्या मायेने ती पार पोळली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"आप्पा, नोटेत चिप नसते. मला हे विक्रमनेच शिकवलंय, लग्नाच्या पहिल्या वर्षी."

"त्याला म्हाईत हाय?"

"पहिल्यापासून."

बायडाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने तोंड झाकलं.

"मंग मगाशी वर बोलला का न्हाय त्यो?" आप्पासाहेबांनी विचारलं.

तनुजाने वर जिन्याकडे पाहिलं. आप्पासाहेब उत्तराची वाट बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. मुठीतल्या तीन नोटा त्यांनी तिच्यासमोर ठेवल्या. पुन्हा विचारलं नाही.